विमान दिसत नसते, ते उत्तर देत असते : हरवलेले विमान शोधणे एवढे अवघड का?

मार्च २०२५मध्ये मलेशियाच्या सरकारने ‘ओशन इन्फिनिटी’ या समुद्रतळाचा शोध घेणाऱ्या कंपनीशी करार केला. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील सुमारे १५,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासायचा, विमानाचे अवशेष सापडले तर कंपनीला सात कोटी डॉलर द्यायचे आणि सापडले नाहीत तर एक पैसाही द्यायचा नाही, अशी त्याची अट. काही आठवड्यांतच हवामान बिघडण्याचा हंगाम आल्याने काम थांबले आणि ३० डिसेंबरपासून ते पुन्हा सुरू होणार असल्याचे वर्षअखेरीस जाहीर झाले. हा शोध ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या ‘एमएच ३७०’ या बोइंग ७७७ विमानाचा आहे. त्यात २३९ माणसे होती. त्यांपैकी पाच प्रवासी भारतीय होते आणि त्या पाचांत मराठी कुटुंबांतली माणसेही होती.

ही बातमी वाचणाऱ्या कोणालाही पहिला प्रश्न पडतो तो असा, की जेवण घेऊन येणारा मुलगा या क्षणी कोणत्या गल्लीच्या तोंडाशी आहे हे आपल्याला मोबाइलवर दिसते, तर जवळजवळ ६४ मीटर लांबीचे विमान हरवतेच कसे? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या मुळाशी एक समजूत दडलेली आहे : उडणाऱ्या प्रत्येक विमानावर जमिनीवरून कोणीतरी सतत नजर ठेवून असते. प्रत्यक्षात नजर ठेवण्यापेक्षा विचारपूस करण्याचेच काम जास्त चालते. जमिनीवरची यंत्रणा विचारते, विमान उत्तर देते आणि त्या उत्तरांवरून पडद्यावर एक ठिपका सरकत राहतो. उत्तरे येणे थांबले की ठिपका नाहीसा होतो. विमान मात्र उडतच असू शकते.

मास्तरांची हजेरी

वर्गातली मुले मोजण्याचे मास्तरांकडे दोन मार्ग असतात. एक म्हणजे डोकी मोजणे. त्यासाठी मुलांच्या सहकार्याची गरज नसते, पण डोके कोणाचे आहे हे त्यावरून कळत नाही आणि मागच्या बाकावर कोणी वाकून बसला असेल तर तो मोजणीतून सुटतो. दुसरा मार्ग म्हणजे नाव पुकारणे. मुलाने ‘हजर’ म्हटले की तो कोण, कुठे बसला आहे, सगळे समजते. मात्र तो गप्प राहिला तर वर्गात असूनही गैरहजर ठरतो.

रडारचेही असेच दोन प्रकार आहेत. पहिला, म्हणजे प्राथमिक रडार, रेडिओलहरी सोडतो आणि त्या विमानाच्या पत्र्यावर आपटून परत आल्या की तिथे काहीतरी आहे असे ओळखतो. हा डोकी मोजण्याचा प्रकार झाला. दुसरा, म्हणजे दुय्यम रडार, आकाशात प्रश्न पाठवतो आणि विमानातले ‘ट्रान्सपॉन्डर’ नावाचे यंत्र त्याला आपला सांकेतिक क्रमांक आणि उंची कळवते. हवाई वाहतूक नियंत्रकांचे जगभरातले रोजचे काम मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर चालते, कारण शेकडो विमानांतले कोणते कोणते, ते किती उंचीवर आहे आणि कुठे निघाले आहे, हे फक्त त्यातूनच कळते. प्राथमिक रडार बहुतेक मोठ्या विमानतळांजवळ असतो आणि लष्कराकडे असतो. लष्कराला उत्तर न देणाऱ्यांचीच जास्त काळजी असते, हे ओघाने आलेच.

किनारा संपला की

कोणत्याही प्रकारचा रडार असो, त्याला पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि जमीन मात्र त्यांच्याखालून वळत जाते. त्यामुळे ३५,००० फुटांवरून उडणारे विमानही किनाऱ्यावरच्या रडारला साधारण ४०० किलोमीटरच्या आसपासच दिसू शकते. त्यापलीकडे ते क्षितिजाखाली जाते. मुंबईच्या नियंत्रण कक्षाच्या अखत्यारीत अरबी समुद्राचा फार मोठा पट्टा येतो, पण त्यातला बराचसा भाग रडारच्या आवाक्याबाहेर आहे.

तिथे विमाने चालतात कशी, तर एसटीच्या गाड्या पूर्वीपासून चालत आल्या तशी. प्रत्येक मोठ्या स्थानकावर वाहक कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन नोंद करतो. दोन स्थानकांच्या मध्ये गाडी घाटात आहे की चहाला थांबली आहे हे कंट्रोलरला माहीत नसते, पण पुढच्या स्थानकावर ती कधी पोहोचायला हवी याचा अंदाज त्याच्याकडे असतो. समुद्रावरही ठरलेले बिंदू असतात. तिथे पोहोचल्यावर वैमानिक लांब पल्ल्याच्या रेडिओवरून किंवा उपग्रहामार्फत आपली जागा, वेळ आणि पुढच्या बिंदूचा अंदाज कळवतो. पुढची नोंद वेळेवर आली नाही, तर नियंत्रकाच्या हाती मागची नोंद आणि घड्याळ एवढेच उरते.

‘माझ्या मोबाइलला कळते, मग विमानाला का नाही?’

विमानाला आपण कुठे आहोत हे अगदी काटेकोर माहीत असते. अडचण अशी, की जीपीएस फक्त ऐकण्याचे काम करते. रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड वाचून आपण कुठवर आलो हे प्रवाशाला कळते; घरच्यांना ते कळायचे तर त्याने फोन करावा लागतो. मोबाइलवरचे स्थान इतरांना दिसते, कारण जवळच्या टॉवरमार्फत मोबाइल ते सतत पाठवत असतो. भर समुद्रात टॉवर नाहीत.

विमानांचे ठिपके दाखवणारी ॲप याच पद्धतीवर चालतात. आजची विमाने आपले जीपीएस स्थान रेडिओवरून जाहीर करत राहतात, आणि जगभरात लोकांनी घरांच्या गच्च्यांवर बसवलेले छोटे रिसीव्हर ते पकडतात. म्हणजे हे पुन्हा विमानाचे स्वतःचेच बोलणे झाले, आणि ते ऐकायलाही कोणाचा तरी कान जवळ असावा लागतो. २०१९पासून ‘इरिडियम’ या दूरसंचार कंपनीच्या उपग्रहांवर बसवलेले रिसीव्हर समुद्रावरची ही घोषणाही ऐकू लागले. ही खरोखर मोठी सुधारणा आहे, पण २०१४मध्ये ती उपलब्ध नव्हती, आणि ट्रान्सपॉन्डर बंद पडला तर उपग्रहालाही ऐकण्यासारखे काही उरत नाही.

प्रवाशांच्या मोबाइलचे काय? टॉवरचा रोख जमिनीकडे असतो, आणि दहा किलोमीटर उंचीवर, ताशी ९०० किलोमीटर वेगाने, धातूच्या नळकांड्यात बसलेल्या फोनची आणि त्याची गाठ पडणे हा योगायोगच. तरी एमएच ३७०च्या बाबतीत सहवैमानिकाचा मोबाइल मलेशियातल्या पेनांगजवळच्या एका टॉवरने रात्री १:५२ वाजता क्षणभर टिपल्याची नोंद अधिकृत अहवालात आहे. नातेवाइकांनी फोन लावल्यावर घंटी वाजत होती, यावरून तेव्हा बऱ्याच आशा निर्माण झाल्या होत्या. पण फोन शोधण्याचा प्रयत्न चालू असतानाही दूरसंचार यंत्रणा लावणाऱ्याला घंटी ऐकवू शकते. पलीकडे फोन वाजतच असेल असे नाही.

बंद करता येणारे बटण ठेवलेच कशाला?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि तो चटकन पटतोही. त्याचे उत्तर विजेत आहे. उडत्या विमानात आग लागण्याइतकी भयंकर गोष्ट दुसरी नाही, आणि शॉर्ट सर्किट झालेले यंत्र तोडता आलेच पाहिजे, हा विमानरचनेचा जुना नियम आहे. घरातल्या मिक्सरमधून जळका वास आला की आपण आधी बटण बंद करतो. बटणच नसते तर काय, असा विचार करून पाहावा. शिवाय ट्रान्सपॉन्डर बिघडून चुकीची उत्तरे देऊ लागला तर तो बंद करून दुसरा सुरू करावा लागतो. कोणालाही बंद करता येणार नाही असे वेगळे यंत्र बसवता येते, पण त्याला स्वतःची बॅटरी लागते, आणि बॅटरी हीसुद्धा आगीची एक शक्यताच असते. म्हणून हा बदल व्हायला वर्षे लागली.

पहिला तास

एमएच ३७०ने रात्री १२:४२च्या सुमारास उड्डाण केले. १:१९ वाजता मलेशियाच्या नियंत्रकाने विमानाला व्हिएतनामच्या नियंत्रकाशी संपर्क साधायला सांगितले आणि विमानातून उत्तर आले, “गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झिरो.” दोनच मिनिटांनी, दोन्ही देशांच्या हवाई हद्दी जिथे भेटतात त्याच ठिकाणी, ट्रान्सपॉन्डरची उत्तरे थांबली. रिले शर्यतीत एका धावपटूच्या हातून काठी सुटली आहे आणि दुसऱ्याच्या हाती अजून लागलेली नाही, असा तो क्षण होता. मलेशियाच्या लेखी विमान निरोप घेऊन गेलेले आणि व्हिएतनामच्या लेखी ते अजून आलेले नाही.

ठरलेल्या वेळी विमानाने संपर्क साधला नाही, तर पाच मिनिटांत विचारणा करावी असा नियम होता. व्हिएतनामच्या नियंत्रकाचा फोन १:३९ वाजता आला. त्यानंतर विमान कंपनीकडून सांगण्यात आले, की विमान कंबोडियाच्या हद्दीत असल्याचे आपल्या पडद्यावर दिसत आहे. तो पडदा प्रत्यक्ष स्थान दाखवत नव्हता. ठरल्या मार्गाने विमान जात असेल तर ते आता कुठे असेल, याचे तो केवळ गणित करत होता. हे लक्षात येईपर्यंत साडेतीन वाजले. धोक्याची औपचारिक घोषणा पहाटे ५:३२ वाजता झाली, आणि विमान बीजिंगला उतरण्याची वेळ ६:३० होती.

या उशिराची किंमत आकड्यांत पाहण्यासारखी आहे. जेट विमान मिनिटाला साधारण १५ किलोमीटर कापते. शेवटच्या खात्रीच्या जागेपासून एक मिनिटाने ते कुठल्या दिशेला आहे हे माहीत नसेल, तर शोधायचे वर्तुळ सुमारे ७०० चौरस किलोमीटरचे होते, म्हणजे मुंबई शहर-उपनगरांहून थोडे मोठे. पंधरा मिनिटांत त्याची त्रिज्या २२५ किलोमीटर होते आणि क्षेत्रफळ जवळजवळ एक लाख साठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अर्धा महाराष्ट्र. एका तासात ते पंचवीस लाख चौरस किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे भारताच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक. वेळ दुप्पट झाला की क्षेत्र चौपट होते. विमान कितीही मोठे असो, ते किती क्षेत्रात शोधायचे आहे यावरच सारे ठरते.

लष्कराच्या रडारवर मात्र एक ठिपका दिसत होता. विमान मागे वळले, मलेशियाचे द्वीपकल्प ओलांडून पेनांगच्या जवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीवर गेले आणि २:२२ वाजता अंदमान समुद्राच्या दिशेला रडारच्या कक्षेबाहेर पडले. त्या वेळी त्याच्याकडे शत्रूचे विमान म्हणून पाहिले गेले नाही, त्यामुळे कोणी हालचालही केली नाही. पुढचे काही दिवस जहाजे आणि विमाने प्रामुख्याने द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिण चीन समुद्रात शोध घेत राहिली. नंतर शोधाची व्याप्ती पश्चिमेकडे वाढली तेव्हा भारतीय नौदल आणि हवाई दलही अंदमानच्या आसपास शोधात उतरले होते.

उपग्रहांच्या छायाचित्रांनी फसगतच अधिक केली. पृथ्वीची छायाचित्रे काढणारे उपग्रह सीसीटीव्हीसारखे सतत चालू नसतात. ते घिरट्या घेता घेता ठरावीक पट्ट्यांची छायाचित्रे काढतात, आणि ओसाड समुद्राची छायाचित्रे मागणारे गिऱ्हाईक फारसे नसते. मार्च २०१४मध्ये अनेक देशांच्या उपग्रहांनी तरंगत्या वस्तू टिपल्या. जहाजे तिथवर गेली तेव्हा हाती लागले ते मासेमारीचे सामान आणि कचरा.

वीज चमकते, गडगडाट ऐकू येतो

विमान हिंदी महासागराच्या दक्षिणेला गेले हे कळले ते एका अशा यंत्रणेमुळे, जिचा स्थान सांगण्याशी काही संबंध नव्हता. विमानातून तांत्रिक संदेश पाठवणारी यंत्रणा १:०७नंतर गप्प झाली होती. १:३७ला अपेक्षित असलेला पुढचा संदेश आलाच नाही. पण उपग्रहाशी जोडणी करणारे विमानातले उपकरण २:२५ वाजता आपण होऊन पुन्हा जोडले गेले. घरचा मोबाइल वापरात नसला तरी वायफायच्या राउटरला धरून राहतो, तसा हा प्रकार. त्यानंतर साधारण तासाला एकदा जमिनीवरचे केंद्र उपग्रहामार्फत विचारत राहिले, ‘आहेस का?’ आणि उपकरण सांगत राहिले, ‘आहे.’ शेवटची जोडणी ८:१९ची. ती विमानाकडून आली. इंधन संपून वीज गेली आणि राखीव यंत्रावर उपकरण पुन्हा सुरू झाले, असा तिचा अर्थ लावला जातो. ९:१५ला विचारले तेव्हा उत्तर आले नाही.

या ‘आहे’मध्ये जागेचा उल्लेख नव्हता, पण ते यायला किती वेळ लागला याची नोंद होती. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण सेकंद मोजतो आणि वीज किती लांब पडली याचा अंदाज बांधतो. कोणत्या दिशेला पडली हे मोजणीवरून कळत नाही; आपल्याभोवती एक वर्तुळ काढता येते आणि वीज त्या वर्तुळावर कुठेतरी पडली, एवढेच म्हणता येते. विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या इन्मारसॅट उपग्रहाभोवतीही अशीच वर्तुळे निघाली. शेवटचे, म्हणजे सातवे वर्तुळ महत्त्वाचे, कारण विमान त्याच्या आसपासच खाली आले असले पाहिजे.

पण वर्तुळाचा एक भाग मध्य आशियाकडे जात होता आणि दुसरा दक्षिणेच्या ओसाड समुद्राकडे. यांतला कोणता, हे ठरवायला आगगाडीच्या शिट्टीचा उपयोग झाला. फलाटाकडे येणाऱ्या गाडीची शिट्टी तीव्र वाटते आणि पुढे निघून जाताना ती उतरते. रेडिओलहरींचेही तसेच होते, आणि त्यांच्या कंपनसंख्येतला सूक्ष्म फरक केंद्राने नोंदला होता. उपग्रह जर पूर्ण स्थिर असता तर उत्तर आणि दक्षिण हे दोन मार्ग एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे दिसले असते. पण १९९६मध्ये सोडलेला हा उपग्रह आता जुना झाला होता आणि आपल्या जागी उत्तर-दक्षिण किंचित झुलत होता. त्या म्हातारपणच्या हेलकाव्याने उत्तर दिले : विमान दक्षिणेला गेले. २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी ते जाहीर केले.

वेळेची ही नोंद ठेवण्याची पद्धतसुद्धा तशी नवीच होती. २००९मध्ये अटलांटिकवर एअर फ्रान्सचे विमान हरवल्यानंतर ती सुरू झाली होती. आधीच्या एका अपघाताने पुढच्या अपघातासाठी ठेवलेला हा पुरावा होता.

तरी या पुराव्याला मर्यादा आहेत. सातवे वर्तुळ कुठून जाते हे बऱ्यापैकी अचूक सांगता येते, पण त्या वर्तुळावर विमान नेमके कुठे, हे विमानाचा वेग, उंची आणि शेवटच्या तासांत ते कसे उडवले गेले यांवर अवलंबून आहे, आणि या तीनही गोष्टी अनुमानाच्या आहेत. शिवाय इंधन संपल्यावर विमान तिथेच कोसळले की काही अंतर हवेत तरंगत गेले, यावर वर्तुळाच्या आजूबाजूचा किती पट्टा शोधायचा हे ठरते. शेवटच्या नोंदीतल्या कंपनसंख्येवरून ते वेगाने खाली येत होते असे तपासकर्त्यांचे मत झाले.

पाण्याखाली

‘ब्लॅक बॉक्स’ प्रत्यक्षात नारिंगी असतो, आणि पाण्यात पडला की त्याला जोडलेले यंत्र साधारण सेकंदाला एकदा टिकटिक करू लागते. ही टिकटिक दोन-तीन किलोमीटरपर्यंतच ऐकू येते, आणि २०१४च्या पद्धतीप्रमाणे बॅटरी ३० दिवस टिकणे अपेक्षित होते. म्हणजे चार किलोमीटर खोल समुद्रात, विमान बरोबर आपल्या जहाजाखाली असले तरीही ती पृष्ठभागावर नीट ऐकू येण्याची खात्री नाही. त्यासाठी ऐकणारे यंत्रच खोलवर ओढत न्यावे लागते. एमएच ३७०च्या एका टिकटिक यंत्राच्या बॅटरीची मुदत तर डिसेंबर २०१२मध्येच संपली होती, असे देखभालीच्या नोंदींत आढळले. अपघात होताच उपग्रहाला संकटसंदेश देणारी चार यंत्रेही विमानात होती. पण त्यांचा रेडिओ पाण्याखालून चालत नाही, आणि विमान आपटताना अँटेना तुटली तर पाण्यावरही चालत नाही. त्यांतल्या एकाचाही संदेश आला नाही.

टिकटिक थांबली की उरतो तो सोनार, म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढणे. जहाजाच्या मागे दहा किलोमीटरपर्यंत लांबीची तार सोडून, तिच्या टोकाचे यंत्र तळापासून शंभर-दीडशे मीटरवर राखत, माणूस झपाझप चालतो त्या वेगाने ओढत न्यायचे. खाली सपाट मैदान नसून डोंगर आणि दऱ्या असतात. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. शोधक्षेत्राची खोली बहुतेक ठिकाणी तिच्या अडीच पटीच्या आसपास, आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त. अशा अंधारातल्या सह्याद्रीत, वरून दोरीने कंदील सोडून, फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या शोधायच्या. बंदरातून तिथे पोहोचायलाच जहाजाला सहा दिवसांपर्यंत वेळ लागत असे. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली १,२०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या ३२ पट तळ पाहून झाला, सुमारे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले, एकोणिसाव्या शतकातली बुडालेली जहाजे सापडली, विमान सापडले नाही. जानेवारी २०१७मध्ये काम थांबले. २०१८मध्ये ओशन इन्फिनिटीने स्वयंचलित पाणयाने, म्हणजे माणसाविना पाण्याखाली चालणारी वाहने, वापरून आणखी १,१२,००० चौरस किलोमीटरहून अधिक तळ पाहिला, तोही रिकामाच.

शेवटची जागा माहीत असल्याने किती फरक पडतो, आणि ती माहीत असूनही काम किती अवघड राहते, हे दुसऱ्या काही घटनांवरून दिसते. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे जम्बो जेट मुंबईहून उडताच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जण दगावले. जागा डोळ्यांसमोरची, पाणी उथळ, त्यामुळे शोधण्याचा प्रश्नच आला नाही. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान पडले, तेव्हा त्याने शेवटच्या क्षणांपर्यंत बिघाडाचे संदेश पाठवले होते आणि तरंगते अवशेषही काही दिवसांतच मिळाले होते. तरीही मुख्य सांगाडा सापडायला एप्रिल २०११ उजाडला. तो सुमारे ३,९०० मीटर खोल होता, आणि शेवटच्या ज्ञात जागेपासून अवघ्या बारा किलोमीटरवर.

आपल्याकडचे उदाहरण भारतीय हवाई दलाच्या ‘एएन ३२’ विमानाचे. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हे विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. मोठी शोधमोहीम झाली, हाती काही आले नाही. जानेवारी २०२४मध्ये राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष टिपले. साडेसात वर्षे, आणि तीही मार्ग ठाऊक असलेल्या विमानासाठी.

वाहत आलेला तुकडा

जुलै २०१५च्या अखेरीस, म्हणजे जवळजवळ सतरा महिन्यांनी, एमएच ३७०च्या पंखाचा एक भाग आफ्रिकेजवळच्या रियुनियन बेटावर लागला. पुढे मोझांबिक, टांझानिया, मॉरिशस अशा ठिकाणी आणखी तुकडे मिळाले. त्यामुळे विमान हिंदी महासागरात पडले याबद्दल वाद उरला नाही. पण तुकड्यावरून मूळ जागा काढणे म्हणजे गणपतीनंतर चौपाटीवर लागलेल्या निर्माल्यावरून ते कोणत्या घरचे, हे सांगण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी तशाच आकाराचा खराखुरा भाग पाण्यात सोडून वारा आणि प्रवाह त्याला कसे वाहून नेतात हे मोजले. त्यावरून शोधलेल्या पट्ट्याच्या उत्तरेकडचा भाग अधिक संभाव्य ठरला. तोही पुढे बऱ्याच अंशी तपासून झाला.

‘मग सगळी माहिती थेट उपग्रहावर का पाठवत नाहीत?’

तंत्रज्ञान आहे, आणि काही माहिती आजही पाठवली जाते. ब्लॅक बॉक्समध्ये नोंदले जाणारे सगळे काही, सगळ्या विमानांमधून, सगळा वेळ पाठवायचे तर तो खर्च आणि उपग्रहांवरचा भार मोठा होतो, आणि त्यातले जवळजवळ सगळे कधीच कोणाला लागणार नसते. वैमानिकांच्या खासगी बोलण्याचा मुद्दाही आहे. पण मला खरी अडचण वेगळीच वाटते : विमान उलटेपालटे होऊ लागले की त्याच्या पाठीवरची अँटेना उपग्रहाकडे राहत नाही. जी मिनिटे सर्वांत मोलाची, नेमकी तीच तुटण्याचा धोका असतो.

उलट, ब्लॅक बॉक्स सापडला म्हणजे सगळा उलगडा होईल असेही नाही. एमएच ३७०मधला आवाज नोंदणारा रेकॉर्डर शेवटचे दोनच तास साठवत असे, आणि जुन्यावर नवे लिहीत जात असे. विमान वळले ती वेळ आणि शेवट यांत जवळजवळ सात तासांचे अंतर आहे. रात्री सव्वाच्या सुमारास कॉकपिटमध्ये काय बोलणे झाले, ते या रेकॉर्डरवर आता नाही. तांत्रिक नोंदी ठेवणारा दुसरा रेकॉर्डर मात्र २५ तासांचा असतो, आणि आशा आहे ती त्याच्यावर. नव्या मोठ्या विमानांत आवाजाचीही नोंद आता २५ तास ठेवावी लागते.

नियम बदलले, विमाने तीच

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने दोन महत्त्वाचे नियम केले. पहिला नोव्हेंबर २०१८पासूनचा : समुद्रावर असलेल्या मोठ्या प्रवासी विमानाचे स्थान कंपनीला किमान दर पंधरा मिनिटांनी कळले पाहिजे. दुसरा, २७,००० किलोंहून जड आणि १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर प्रथम उड्डाणयोग्य ठरलेल्या विमानांसाठीचा, २०२५पासूनचा : विमान संकटात असल्याची लक्षणे दिसताच त्याने आपण होऊन दर मिनिटाला स्थान कळवले पाहिजे, म्हणजे पडल्यास ते ११ किलोमीटरच्या परिघात शोधता येईल. पाण्याखालच्या टिकटिक यंत्राची मुदतही ३० वरून ९० दिवसांवर गेली आहे.

दर मिनिटाचा हा नियम जुन्या विमानांना लागू नाही, आणि प्रवासी विमान पंचवीस-तीस वर्षे सहज चालते. त्यामुळे मुंबईहून आज रात्री समुद्र ओलांडायला निघणाऱ्या बहुतेक विमानांसाठी अजून पंधरा मिनिटांचाच हिशेब लागू आहे, आणि पंधरा मिनिटांचे वर्तुळ अर्ध्या महाराष्ट्राएवढे असते.